वर्धेकाठचे कोळशाचे गाव

आपल्या नांदेड जिल्ह्यात एके काळी दगडी कोळशाचा मुलूख होता असे सांगितले, तर मंडळातील निम्म्या भगिनी हसतील आणि उरलेल्या निम्म्या 'किनवटच्या जंगलातल्या कोळशाबद्दल म्हणता का?' असे विचारतील. तो कोळसा निराळा. लाकूड अर्धवट जाळून, मातीखाली कोंडून जो करतात तो लोणारी कोळसा. आपल्या आज्यांच्या शेगड्या त्याच्यावर पेटत आणि इस्त्रीवाल्याची इस्त्रीही त्याच्यावरच तापे. मी सांगते आहे तो जमिनीच्या पोटातून निघणारा दगडी कोळसा.

हकीकत अशी, की १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, हैदराबाद राज्याचे तीन वाटे पडले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्या वेळी आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हा मराठी मुलूख नांदेड जिल्ह्याला जोडण्यात आला. किनवट आपल्याकडेच राहिले. राजुरा मात्र फार लांब पडे; कचेरीच्या एका कामासाठी तिकडच्या माणसाने नांदेड गाठायचे म्हणजे दोन-तीन दिवसांची रखडपट्टी. तेव्हा १९५९ साली राजुरा तालुका त्याच्या शेजारच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात गेला. या राजुरा तालुक्यात सास्ती आणि पवनी ही गावे आहेत आणि त्यांच्या जमिनीखाली कोळसा आहे. म्हणजे तीन वर्षांपुरते का होईना, नांदेडच्या नकाशावर कोळसा होता. राजुऱ्यासमोर वर्धा नदी आणि नदीच्या पलीकडच्या काठाला बल्लारपूर. एकेकाळच्या आपल्या तालुक्यासमोरचे हे गाव कोळशाने कसे उभे केले आणि त्यात बायकांच्या वाट्याला काय आले, ते या लेखात सांगायचे आहे.

प्रथम एक शंका मिटवली पाहिजे. जमीन तर सगळी एकच. मग कोळसा तिकडे आणि आपल्याकडे नुसता काळा दगड, असे का? नांदेड-लातूरकडे विहीर खणताना सुरुंग लावावा लागतो तो ज्या दगडाला, तो लाव्ह्याचा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि थिजले, त्यांचे हे पठार झाले. कोळसा याच्या कितीतरी आधीचा, पंचवीस कोटी वर्षांहूनही जुना. दलदलीतील अरण्ये मोडून पडली, गाळाखाली गाडली गेली, दाबाने आणि उष्णतेने काळी पडून दगड झाली. आपला लाव्हा पूर्वेकडे पातळ होत जातो, वर्धेच्या खोऱ्यात संपतो, आणि तेथे खालचे जुने खडक उघडे पडतात. काळ्या पाटाची कड संपावी आणि खालची जमीन दिसावी, तसे हे आहे.

या जुन्या खडकांना भूगर्भशास्त्रज्ञ 'गोंडवन' म्हणतात. हे नाव एकोणिसाव्या शतकात इंग्रज संशोधकांनी मध्य हिंदुस्थानातल्या गोंडांच्या मुलखावरून दिले आणि ते पुढे इतके मोठे झाले, की आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका व हिंदुस्थान ज्या प्राचीन महाखंडाचे तुकडे आहेत, त्या खंडालाही तेच मिळाले. जगभरच्या शाळांतून मुले गोंडवन हा शब्द पाठ करतात. ज्यांचे ते नाव, त्यांच्या लेकीबाळी कोळशाच्या टोपल्या वाहत होत्या, हे मात्र त्या धड्यात नसते.

नद्यांच्या वाटेने पाहिले तर हा मुलूख आपल्याला परका नाही. माहूर-किनवटकडून जाणारी, सहस्रकुंडाला उडी घेणारी पैनगंगा घुग्घूसजवळ वढा येथे वर्धेला मिळते. ते पाणी बल्लारपूर-राजुऱ्याच्या मधून पुढे जाते, वैनगंगेला भेटून प्राणहिता होते आणि सिरोंचासमोर कालेश्वरापाशी गोदावरीत शिरते. नांदेडच्या घाटावरून गेलेली गोदावरी तेथे आपल्याच पैनगंगेला पुन्हा भेटते.

बल्लारपूर हे गाव कोळशापेक्षा फार जुने. खांडक्या बल्लाळशहा नावाचा गोंड राजा येथे राज्य करीत होता. गावाचे नाव त्याच्यावरून पडले. वर्धेच्या काठी त्याचा किल्ला अजून उभा आहे. राजाच्या अंगावर गळवे होती, ती झरपट नदीकाठच्या एका कुंडाच्या पाण्याने बरी झाली आणि राणीच्या सल्ल्याने त्याने तेथे नवे नगर वसवले, तेच चंद्रपूर, अशी दंतकथा आहे. दंतकथेत राणीला अक्कल असते पण नाव नसते, हा आपल्याकडचा जुनाच प्रकार. नाव राहिलेली गोंड राणी म्हणजे पुढच्या काळातील हिराई. पती बीरशहा याची समाधी तिने चंद्रपुरात बांधली आणि ती आजही पाहण्यासारखी आहे. राजधानी गेल्यावर बल्लारपूर मागे पडले. किल्ला, कोळी, शेतकरी, भोवती सागाचे आणि बांबूचे रान, एवढेच उरले.

इंग्रजी अमलात वर्धेच्या खोऱ्यात कोळसा शोधण्याचे काम सुरू झाले ते रेल्वेसाठी. इंजिनाला कोळसा हवा, आणि बंगालचा कोळसा इकडे आणणे महाग. पहिली सरकारी खाण १८७० नंतर वरोऱ्याला निघाली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा नेण्यात आला. आज वरोरा म्हटले की आपल्याला बाबा आमटे यांचे आनंदवन आठवते; त्याच्या आधी दोन पिढ्या ते कोळशाचे गाव होते. वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद पडली. तोवर दक्षिणेला बल्लारपुरात कोळसा लागला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे खाण सुरू झाली आणि जुन्या राजधानीत भोंगा वाजू लागला.

नदीच्या अलीकडे त्या वेळी निजामाचे राज्य. त्याचा मोठा कोळसा होता तेलंगणात, सिंगरेणीला. १८७१ साली भूगर्भ खात्याच्या डॉ. विल्यम किंग यांनी येल्लंदूजवळ तो शोधला, १८८६ साली विलायतेत हैदराबाद (डेक्कन) कंपनी स्थापन झाली, आणि १९२० साली तिची जागा सिंगरेणी कोलिअरीज कंपनीने घेतली. संस्थानातील रेल्वे आणि गिरण्या याच कोळशावर चालत. नांदेड स्टेशनात मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज गाडी १९०० सालच्या सुमारास प्रथम आली तेव्हापासून, आणि उस्मानशाही मिलचा भोंगा वाजू लागला तेव्हापासून, आपले गाव दगडी कोळशाशी बांधले गेले. लातूरला १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी आली, तिचे इंजिनही कोळसाच खाई. खिडकीशी बसण्याचा हट्ट करणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत जाणारा तो काळा कण, आणि पदराचा बोळा फुंकून ऊब देत तो काढणारी आई, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना कोळसा कोठून येतो हे विचारण्याची सवड नव्हती.

आता खाणीत काम कसे चाले ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही. कोळशाचा थर जमिनीखाली आडवा पसरलेला असतो. खाणवाले त्याला शिरा म्हणतात. वर्धा खोऱ्यातील मुख्य शिरा काही ठिकाणी पंधरा मीटरहून अधिक जाड आहे, म्हणजे चार-पाच मजली घराएवढी. तेथपर्यंत उभी विहीर किंवा उतरता बोगदा खणायचा. मग कोळशातच गल्ल्या कोरीत जायचे आणि मध्ये मध्ये कोळशाचेच जाड खांब सोडायचे, म्हणजे वरचे छत तोलले जाते. शेवटी मागे हटताना ते खांबही काढून घेतात. मग छत बसते, नाहीतर पोकळीत वाळू भरतात. खाली पाणी सतत झिरपते, ते पंपाने उपसावे लागते. वायू साठला तर ठिणगीने स्फोट होतो. शिवाय या खोऱ्यातल्या कोळशाला एक खोड आहे. हवेशी संबंध आला आणि ढीग पडून राहिला, की तो आतून तापत जाऊन आपोआप पेटतो. पोलाद गाळायला लागणारा कोक त्याचा होत नाही. बॉयलर, इंजिन आणि वीजघर यांना तो चालतो. घरच्या चुलीला मात्र त्याचा धूर सोसत नाही, तरी खाणीच्या वस्तीतल्या बायका त्याच्या चुऱ्याचे मातीत कालवून गोळे करीत, वाळवीत आणि त्यावर भाकऱ्या भाजीत.

हिंदुस्थानच्या खाणींत पूर्वी कुटुंबेच्या कुटुंबे उतरत. पुरुष कुदळीने कोळसा पाडी आणि बायको तो टोपलीत भरून डोक्यावरून डब्यापर्यंत वाही. मजुरी डब्यावर मिळे, म्हणजे दोघांची मिळून एकच. पैसे मोजून घेणार पुरुष. लहान मूल असेल तर तेही खाली. घरी ठेवणार कोणाजवळ? १९२० च्या सुमारास देशातील कोळसा खाणींच्या मजुरांत एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया होत्या. आपण 'बायका आता कुठे नोकरीला बाहेर पडल्या' असे म्हणतो तेव्हा या बायका आपल्या हिशेबात नसतात.

हे दृश्य सुधारकांना पाहवेना, आणि त्यात नवल नाही. १९२९ साली नियम झाला की बायकांना जमिनीखालच्या कामावरून दर वर्षी थोडे थोडे कमी करीत न्यायचे. १९३५ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा ठराव झाला, त्यानंतर मुदत अलीकडे ओढून १९३७ मध्ये पूर्ण बंदी आली. अंधारातून बाया वर आल्या. परंतु त्यांच्या मजुरीचे काय? वर उजेडात काम होते ते कोळशातून दगड वेचण्याचे आणि वाघिणी भरण्याचे, आणि तेही सर्वांना पुरेसे नव्हते. ज्या घरात दोघांच्या हातांनी डबा भरे त्या घरात आता एकाच्या हातांनी भरू लागला. स्त्रीचे रक्षण झाले हे खरे. तिच्या हातातला पैसा गेला हेही तितकेच खरे. मला वाटते, तिला कोणी विचारले नाही, ही यातली सर्वांत जुनी गोष्ट आहे.

मग महायुद्ध आले. लष्कराच्या बांधकामांवर मजुरी जास्त मिळू लागली, खाणीतील माणसे तिकडे गेली आणि कोळसा कमी पडू लागला. तेव्हा १९४३ च्या ऑगस्टमध्ये सरकारने बंदी उठवली, आणि ती प्रथम उठवली मध्यप्रांत-वऱ्हाडात. बल्लारपूर ज्या चांदा जिल्ह्यात, तो याच प्रांतातला. बंगाल-बिहारच्या खाणींचा क्रम त्यानंतर लागला.

त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. १९४३ च्या डिसेंबरात ते स्वतः धनबादकडच्या खाणी पाहून आले. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात या प्रश्नावर तहकुबीची चर्चा झाली. अखिल भारतीय महिला परिषदेने बंदी उठवण्याचा निषेध केला होता आणि सभागृहात स्त्रियांच्या प्रतिनिधी म्हणून रेणुका राय यांनी बाजू मांडली. पुरुषांना पुरेशी मजुरी दिली असती तर बायकांना खाली उतरवण्याची पाळी आली नसती, असा विरोधकांचा रोख होता. आंबेडकरांनी उत्तरात हे पाऊल आणीबाणीचे आणि तात्पुरते आहे हे सांगितले. परंतु एक गोष्ट अशीही सांगितली की जिच्याकडे आपण स्त्रियांनी लक्ष दिले पाहिजे. खाली उतरणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, समान कामाला समान दाम, हे तत्त्व येथे प्रथमच मान्य झाले असल्याचे ते म्हणाले.

या वादात कोण बरोबर होते? मला वाटते, दोन्हीकडे खरेपणा होता. परिषदेच्या भगिनींना अंधारातली गरोदर बाई दिसत होती आणि तिची चीड येत होती. मंत्र्यापुढे बंद पडत चाललेल्या आगगाड्या आणि गिरण्या होत्या. पण मजुरीचा मुद्दा एकदा बोलला गेला तो गेलाच. पुन्हा १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी लागू झाली. मधल्या काळात खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला, आणि खाणीत काम करणाऱ्या स्त्रीच्या बाळंतपणाच्या हक्काचा १९४१ सालचा जो कायदा होता, तो १९४५ मध्ये जमिनीखाली उतरणाऱ्या स्त्रियांसाठी अधिक भक्कम करण्यात आला. आज आपल्या मुली-सुना बाळंतपणाची पगारी रजा सहज घेतात. तिच्या मागे खाणीतल्या बाईसाठी झालेला हा कायदाही आहे.

बाबासाहेब पुढे १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरास आले आणि नागपूरच्या पाठोपाठ तेथे धम्मदीक्षेचा सोहळा झाला. त्यानंतर पंधरवड्याने समोरचा राजुरा तालुका नांदेड जिल्ह्यात आला.

गावाची वाढ मात्र एकट्या कोळशाने झाली नाही. वर्ध्याहून आलेली रेल्वे बल्लारपुरात येऊन थांबत असे. पुढे नदी आणि निजामाचे राज्य. निजामाच्या रेल्वेने काझीपेठेहून वर्धेपर्यंत रूळ आणले, पूल झाला, आणि १९२९ च्या आरंभी ग्रँड ट्रंक एक्सप्रेस या वाटेने धावू लागली. दिल्लीहून मद्रासला जाण्याची सरळ वाट बल्लारपुरातून झाली. स्टेशनाचे नाव बल्लारशाह आणि गावाचे बल्लारपूर, हा घोटाळा नवख्या प्रवाशाला आजही होतो. येथे मध्य रेल्वेची हद्द संपते आणि दक्षिण मध्य रेल्वेची सुरू होते. इंजिने बदलायची, पाणी-कोळसा भरायचा, गार्ड-ड्रायव्हरांनी मुक्काम करायचा, यामुळे रेल्वेची एक वेगळीच वस्ती झाली. खाणीत आणि रुळांवर कामाला तेलंगणातून लोक आले, छत्तीसगडातून आणि उत्तरेकडून आले. एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, हिंदी आणि गोंडी ऐकू येते, त्याचे कारण हे. अशा गल्लीत संक्रांतीचे वाण, बतुकम्माची फुले आणि छटपूजेची सुपे एकाच ओट्यावर दिसतात.

दुसरा धंदा लाकडाचा. आलापल्लीकडच्या रानातला साग उत्तम गणला जातो आणि बल्लारपूरच्या आगारातून तो देशभर जातो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली सागवान गेले ते येथूनच. तिसरा आणि मोठा धंदा कागदाचा. थापर उद्योगसमूहाने १९४५ साली येथे कागद गिरणीची कंपनी काढली आणि १९५० च्या दशकात कागद निघू लागला. जागा अचूक निवडली होती. बांबू रानात, पाणी वर्धेत, वाफेसाठी कोळसा पायाखाली आणि माल पाठवायला दारात रेल्वे. कागद करणे म्हणजे बांबू बारीक तुकडे करून औषधी पाण्यात शिजवणे, त्याचा लगदा धुणे, पसरणे आणि वाफेवर वाळवणे. पापडाचे पीठ ज्यांनी कुटले, लाटले आणि वाळवले आहे त्यांना ही कृती अवघड वाटू नये. आपल्या मुलांच्या वह्यांचा कागद कितीदा तरी या गावाहून आला असेल. तथापि याच बांबूवर सुपे, टोपल्या, तट्टे विणणाऱ्या बुरूड आणि गोंड घरांचे पोट होते. गिरणीला ट्रकांनी बांबू आणि बुरूड बाईला चार कामट्यांसाठी पायपीट, ही तक्रार त्या भागात जुनी आहे. पुढे गिरणीलाही बांबू कमी पडू लागला, तेव्हा शेताच्या बांधावरचे निलगिरी आणि सुबाभूळ तिकडे जाऊ लागले.

कोळशाचा कारभार १९७३ पर्यंत बहुतांश खासगी मालकांच्या हातात होता. त्या वर्षी देशातील उरलेल्या कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ पासून बल्लारपूर, सास्ती व आसपासच्या खाणी नागपूरच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे, लोकांच्या भाषेत वेकोलिकडे आहेत. पगार वाढले, क्वार्टर्स, दवाखाना, निवृत्तिवेतन आले. खाणीत नोकरी असलेला मुलगा म्हणजे सोयरिकीच्या बाजारात पहिल्या नंबरचा, असे दिवस आले. हे भले झाले, यात वाद नाही.

त्याबरोबर दोन गोष्टी बदलल्या. बोगदे मागे पडून उघड्या खाणी पुढे आल्या. सास्ती, पवनी, धोपटाळा, गौरी या राजुऱ्याकडच्या गावांना हा बदल सर्वांत जास्त लागला. उघड्या खाणीत वरची माती आणि दगड सगळा उपसून बाजूला डोंगर रचतात आणि मग कोळसा काढतात. शेत खाली राहत नाही. सुरुंगाने भिंतींना तडे जातात, विहिरी आटतात, दांडीवर वाळत घातलेले पांढरे लुगडे संध्याकाळी पांढरे राहत नाही. जमिनीच्या बदल्यात मोबदला आणि नोकरी मिळते. कोल इंडियाच्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशेब आहे. पण ती नोकरी बहुतेक घरी मुलाला मिळते. त्या शेतात निंदणी, खुरपणी, वेचणी करणारी बाई एका दिवसात रिकामी होते. तिच्या हाती ना विळा राहतो, ना हजेरीचा कागद.

दुसरा बदल खाणीत नोकरीवर असलेल्या बायकांचा. वर काम करणाऱ्या मजूर स्त्रियांसाठी कोल इंडियाने खास स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली होती. बाईने मुदतीआधी नोकरी सोडली तर तिच्या मुलाला नोकरी मिळे. कागदावर स्वेच्छा. आता ज्या आईच्या घरी तरणा मुलगा बेकार बसला आहे, तिची स्वेच्छा ती किती? १९२९ च्या नियमाने जी बाई खाणीखालून वर आली, ती या योजनेने वरूनही घरी आली.

या कोळशाच्या आणि चुनखडीच्या जोरावर जुन्या राजुरा तालुक्यात गडचांदूरच्या बाजूला सिमेंटचे कारखाने उभे राहिले, आणि चंद्रपूरजवळ दुर्गापूरला राज्याचे मोठे औष्णिक वीजघर झाले. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या त्या केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे. आपल्या मराठवाड्यातही परळीला १९७१ पासून वीज होते. तिथे कोळशाचा कण नाही, तो पूर्वेकडून रेल्वेने येतो. वीज करायला कोळशाइतकेच पाणी लागते हे आपल्याला तेव्हाच नीट कळले, जेव्हा २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून परळीचे वीजघर बंद करावे लागले. तीन वर्षांनी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, लातूरच्या माणसांना प्यायचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. ज्या रुळांवरून कोळसा यायचा तसल्याच रुळांवरून पाणी येताना पाहण्याची पाळी आपल्या डोळ्यांवर आली.

त्या भागाने याची किंमत दिली आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी केली, त्यात चंद्रपूरचा क्रमांक चौथा होता. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घूसला भर वस्तीतील एक घर उभेच्या उभे जमिनीत गेले. खाली जुनी भूमिगत खाण होती. घरातली माणसे वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. आजूबाजूच्या अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. वर सांगितलेले ते खांब आणि छत आठवा. जे कधीकाळी खाली कोरले गेले त्याचा हिशेब कित्येक वर्षांनी वर देवघर, माजघर आणि न्हाणीघर मांडून बसलेल्या बाईला चुकवावा लागला.

बल्लारपूर आज सुमारे ९० हजार वस्तीचे शहर आहे. नांदेडहून किनवट, आदिलाबाद या वाटेने रेल्वेने त्या बाजूला जाता येते. ज्या भगिनींना माहूरची यात्रा घडते त्यांनी एकदा दोन दिवस पुढे काढावेत. वर्धेच्या पुलावरून एका बाजूला गोंड राजाचा किल्ला दिसतो आणि राजुऱ्याच्या बाजूला गेले की खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर. नवखी व्यक्ती त्यांना खरे डोंगर समजते.

शेवटी खाणीतल्या बाईची पुढची हकीकत. १९५२ च्या खाण कायद्याने तिला जमिनीखाली जाण्याची मनाई कायम ठेवली होती. २९ जानेवारी २०१९ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून ती सैल केली. स्त्रीची लेखी संमती हवी, किमान तिघींनी मिळून जायचे, आणि खाली जायचे ते सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळात. काम तांत्रिक, देखरेखीचे किंवा व्यवस्थापनाचे. डोक्यावर टोपली घेऊन उतरणारी बाई या अधिसूचनेत नाही. टोपल्या आता यंत्रे वाहतात. तिची नात अभियांत्रिकीची पदवी घेऊन डोक्यावर दिव्याची टोपी चढवील आणि खाली जाईल, एवढी वाट त्या कागदाने मोकळी केली आहे. या खेपेला संमती तिच्याकडूनच, आणि लेखी, घ्यावी लागते.